काळजाची बारीक दारं

देवळीच्या स्टँडवर वर्ध्याच्या मोटारीची वाट पाहताना यशोदाबाई मास्तरीण हातातल्या वह्या तपासायचं विसरल्या. मागच्या बाकावर एक म्हातारा नवरा आपल्या बायकोची समजूत घालत होता.

“तापात छाती अशी धडधडली, मले वाटलं आता मी जाते.”

“काही जात नाई तू, पंचफुले. आपल्या पोरीचं, कमलीचं पत्र आलं ना नागपूरहून. कालेजात तिनं बेंडकाचं काळीज मिठाच्या पाण्यात ठेवलं. पाणी थंड केलं तं हळू चाले, कोमट केलं तं भराभर.”

“काऊन बरं?”

“काळजाच्या पेशीले बारीक दारं असते. ठोका झाला का पोटॅशियम नावाचा क्षार त्यातून बाहेर जाते, मंग काळीज पुढच्या ठोक्याले तयार होते. ऊब असली का दारं लवकर उघडते.”

“म्हणजे तापानं माह्यी दारं लवकर उघडली?”

“हो. ताप उतरला, धडधडबी उतरली. तरी डाक्टरले दाखवू.”

“अन् थंडीत दारं हळू उघडते? म्हणून घोंगडं माह्यावर टाकता?”

“ते तं लग्नापासून टाकून राह्यलो. तवा कमली जन्मलीबी नव्हती.”



“मंग लिहा तिले, माय बरी आहे म्हणून.”