सात मिनिटं

बसा की ताई, सरकतो मी — आणि ते माहितीपुस्तक मिटू नका, बोट तिथेच असू द्या, पान नऊ ना? 'वसतिगृह ते कॉलेज, पायी सात मिनिटं' — पाठ आहे मला, मीच लिहिलंय ते! बावीस वर्षं याच कॉलेजात कारकून होतो. साहेब म्हणाले, हल्ली पालक विचारतात गाव पायी फिरण्याजोगं आहे का, तर घड्याळ लावून चालून या. आलो चालून. बाजार चार, दवाखाना सहा, वाचनालय पाच — चुकीचं निघालं तर कान कापून देईन. मुलगी आत गेलीय वाटतं, फॉर्म आणायला? असू दे, असू दे, आत रांग असते.

तुमच्यासारखेच एक गृहस्थ आले होते. त्यांच्या लेकीला गाडी लागायची हो — बसमध्ये पाय ठेवला की पोटात ढवळायचं — म्हणून चार मोठी कॉलेजं सोडून हे निवडलं, पायी जाता येतं म्हणून. आणि पोरगी कसली खट्याळ! पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, काका, एकोणीस लागली, तुमचं पुस्तक थापा मारतं. सगळी कचेरी हसली. मला लागलं ते — का लागावं? पण लागलं. आता सात कशी झाली होती माझी? तर मी आपला नेहमीच्या वाटेने गेलो होतो, रेल्वेच्या भिंतीच्या भगदाडातून, रूळ ओलांडून. लहानपणापासून तीच वाट — रूळ आहेत हे डोक्यातसुद्धा येत नाही हो! दोनदा बुजवलं ते भगदाड, पोरांनी दोनदा फोडलं. तर मी काय केलं — तिला घेऊन गेलो. हो, मीच दाखवली वाट. घड्याळ तिच्या हातात दिलं. सात भरली तेव्हा टाळी दिली तिने मला.

परीक्षेच्या दिवशी ती सात मिनिटं आधी निघाली. सातच. आगगाडीही तेव्हाच आली.

तिच्या वडिलांनी मला एक शब्द विचारला नाही. विचारायला हवा होता. अजून या बाकावर बसलं की मागून चपला वाजतात, भरभर, आणि 'काका, सात!' — मी वळत नाही. वळून कोण दिसणार? कचेरीत तीनदा सांगितलं, आकडा बदला. म्हणतात, सात वाचायला बरं वाटतं. म्हणून रोज इथे येऊन बसतो, पालक दिसले की एवढंच सांगायला — आणि सांगताना भलतंच लांबत जातं.

द्या ते पुस्तक, पेन आहे माझ्याकडे. सात खोडतो, एकोणीस लिहितो. मुलीला बोलवा, तिच्यासमोरच लिहितो. — आत नाही? मग कुठे? — घड्याळ लावून बघायला? कधी गेली? मी बसायच्या आधी? आणि वाट — वाट कुणी सांगितली तिला, शिपायाने?

उठा, ताई. पिशवी राहू द्या. उठा.