पाटलांच्या अंगणातला मोर

मोराचं कौतुक मला सांगू नका राव. आम्ही बौद्ध झालो त्याच्या पुढच्या वर्षी, आमच्या सिंदीत एक रानमोर रोज सकाळी पाटलांच्या अंगणात उतरायचा. पाटील त्याला देवाचं वाहन म्हणत आणि पितळेच्या ताटात गहू ठेवून हात जोडत. एकदा मोराला उशीर झाला, तर ते त्याला शोधत थेट आमच्या कुंपणापाशी आले. मोर आमच्या अंगणातल्या परातीतलं पाणी पीत होता.

"हा इथं काऊन आला वं?" त्यांनी आईला विचारलं. आई त्यांच्याच शेतात कापूस वेचायला जायची.

"रोजच येते. पयले इथं पानी पेते, मंग तुमच्याकडे येते. बसा, चहा ठेवतो."

पाटील मागे सरकले. "नको, नको."

"मोर तं इथलंच पानी पेऊन तुमच्या ताटात जेवते. त्याचं कसं?"

"पाखराले विटाळ नसते, बाई."

"आम्ही आता पुढचा जनम मानत नाई, पण तुम्ही मानता ना? मंग मोर होजा अन् चहा प्याले येजा."

दुसऱ्या दिवसापासून पाटलांनी आईचं काम बंद केलं. मोराचं ताट मात्र चालू राहिलं.