मी पाद्यपूजा नको का म्हणाले

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे चेअरमन माननीय शिवानंदअण्णा, मंचावरचे पाहुणे, मुख्याध्यापक जोतीराम सर, कसबा बावड्यातले पालक, माझ्याबरोबर खडू झिजवलेले शिक्षक, आणि खुर्ची मिळूनही मागं दाराशीच उभी राहिलेली माझी माजी पोरं-पोरी, सगळ्यांना शांतादेवीचा नमस्कार.

आत्ता मानपत्र वाचलं. फार गोड लिहिलंय. त्यात म्हटलंय, ‘पाद्यपूजेचा मान नम्रपणे नाकारणाऱ्या बाई.’ टाळ्याही पडल्या. अण्णा, रागावू नका, पण ते खोटं आहे. आपल्या शाळेत निवृत्त होणाऱ्याचे पाय माजी विद्यार्थी परातीत धुतात. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांचे धुतलेले पाय बघत आले. मला माझे धुवून घ्यायचे नव्हते असं वाटतं का तुम्हाला?

चौतीस वर्षं फळ्यापुढं उभं राहून माझ्या घोट्यांपासून पोटऱ्यांपर्यंत बारीक निळ्या-तांबड्या शिरांचं जाळं झालंय. साडी वर धरली की पोरींना ते दिसणार. हसू नका! अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईमाणसाला लाज वाटू नये असा काही जीआर आलेला नाही.

म्हणून गेले शहरातल्या एका डॉक्टरांकडं. शिरेत बारीक सुईनं औषध सोडतात, शीर आपोआप मिटते. तिथल्या दीक्षा सिस्टरनं विचारलं, “बाई, सोबत कोन हाय?” मी ठोकून दिलं, “हायत की, बाहेर बसलेत.” बाहेर बाकावर एक फेटेवाले गृहस्थ होते. ती पोरगी गेली की त्यांच्याकडं! “पावणं, आत या. तुमच्या बाईंची पट्टी कशी बांधायची दावते.” ते दचकून म्हणाले, “माझी कोन न्हाय वो ही. मी खाज दावायला आलोय!”

तुम्ही हसताय, मीही तेव्हा हसले. मग दीक्षानं माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि सावकाश पट्टी बांधली. “दुखतंय व्हय?” म्हणाली. सुई मुंगी चावावी इतकीच लागलेली, पण माझं रडू आवरेना. माझी आई, अव्वा, जाऊन अकरा वर्षं झाली. त्यानंतर माझ्या अंगाला मायेनं कुणाचा हात लागला नव्हता हो. शाळेत दिवसभर सातशे पोरं, आणि घरी गेल्यावर मी कुकरशी बोलते.

आता माझा शहाणपणा ऐका. डॉक्टर म्हणाले, “डाग जायला दोन-तीन महिने लागतात, दिवाळीतच का नाही आलात?” काय सांगू? वार्षिकचे पेपर तपासून झाल्याशिवाय स्वतःचं काही काम काढायचं नाही, ही माझी सवय. पेपर संपवले आणि पंधरा दिवसांपूर्वी गेले. पाय आधीपेक्षा भेसूर झालेत, हिरवे, तपकिरी. पट्टी आत्ताही साडीखाली आहे.

परवा पवित्रा घरी आली. सत्त्याऐंशीच्या बॅचची, आता दोन लेकरांची आई. “बाई, आम्ही सातजणी तुमचे पाय धुणार,” म्हणाली. मी तिच्यावर खेकसले, “असली थेरं मला आवडत नाहीत!” पोरगी चहा न घेता गेली. दार लावलं आणि मी तिथंच खाली बसले. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली, ते मीच हाकलून लावलं होतं.

मानपत्रातलं ‘नम्रपणे’ तेवढं खोडा. मला लाज वाटत होती आणि मी एकटी आहे, एवढंच काय ते खरं.

संस्थेचे, सरांचे, आणि मंडप घालणाऱ्या आकारामचे मी मनापासून आभार मानते. वर्गात कुणाला जास्तीची छडी बसली असेल, आज बोलताना तोल गेला असेल, तर म्हातारीचं म्हणून सगळ्यांनी पोटात घाला. पवित्रा, तू मात्र घालू नकोस. तू घरी ये आणि तोंडावर भांड माझ्याशी. रविवारी पट्टी सोडायची आहे, आणि मला एकटीला नाही गं सोडवत.