ड्रमवाल्या मावशीचं नाक

माझं माहेर सावित्रीच्या काठावरचं, तुडीलच्या बाजूचं, आमची बौद्धवाडी नदीला लागूनच, आणि तुला सांगते बाय, मी लहान असताना कुणाच्या चुलीवर कसलं कालवण हाय ते अंगणात उभी राहून सांगायची. आयस बोलायची, या पोरीला नाक कुत्र्याचं दिलंय. हसू नको, खरं सांगते.

लग्न होऊन महाडजवळ आले. नवरा लवकर गेला, त्याचं काय सांगू तुला, लेक सुजाता तेव्हा दुसरीत होती. मग मी कारखान्यांच्या मागं एका भंगारवाल्याकडं लागले, ड्रम धुवायला. ते निळे ड्रम, तुझ्या घरी पण असतील. कारखान्यातनं रिकामे यायचे, आत काय होतं ते कुणी सांगायचं नाय, वरचा कागद आधीच फाडलेला. सोडा टाकायचा, भाताचा तूस टाकायचा, घासायचं, तीन पाणी काढायचं, आणि शेवटी डोकं आत घालून हुंगायचं. वास आला तर चौथं पाणी. हुंगायचं काम शेटनं मलाच दिलं. गिऱ्हाईक आलं की विचारायचं, मावशीनं हुंगला काय? हुंगला बोलले की ड्रम टेंपोत. मला लय बरं वाटायचं गो, खोटं कशाला बोलू.

आणि धुतलेलं पाणी जायचं मागच्या नाल्यात, नाल्यातनं नदीला, नदीनं माझ्याच माहेराला. भाऊ बोलायचा, ताये, तुझ्या शेटला सांग, आता मासे पण धुऊनच पाठव. मी हसायची. घरात चूल पेटायची होती.

सुजाताला उमरठच्या वर डोंगरातल्या वाडीत दिली. माणसं चांगली, पण पाण्याचे हाल. होळी झाली की झरा आटतो, मग टँकरची वाट बघायची. मी लग्नात दोन ड्रम दिले, माझ्या हातानं धुतलेले. विहीण बोलली, लोक कपाट देतात, तुम्ही पाणी दिलंत. पुढच्या उन्हाळ्यात वाडीतली माणसं टेंपो घेऊनच आली, आणखी नऊ ड्रम घेऊन गेली. सगळे माझ्या नाकाच्या भरवशावर.

मग सुजाताचा फोन आला, आये, ड्रमातल्या पाण्याला औषधासारखा वास मारतो. मी बोलले, टँकरात पावडर टाकतात, तिचा असंल. परत फोन आला, पोरीच्या अंगावर पुरळ आलंय. मी बोलले, उन्हाळा हाय, घामोळं असंल, मी हुंगून दिलाय गो, मला शिकवतेस? असं बोलले मी. माझ्या पोटच्या लेकीला.

त्यानंतर एक दिवस दुपारची तव्यावर सुकट टाकून इथंच बाहेर पायरीवर तांदूळ निवडत बसले होते. शेजारची शेवंता पदर नाकाला लावून धावत आली, अगो, सुकटीचा कोळसा झाला, आख्खी वाडी खोकतेय, तू काय झोपलीस? आत गेले तर धूर. धूर दिसत होता, डोळ्यांतनं पाणी येत होतं, पण वास नाय. हिंगाची डबी नाकाला लावली, फिनेल लावलं. काय नाय. डोळा गेला की माणूस ठेचकाळतो, नाक गेलं तर कुणाला कळतंय? किती वर्षं झाली होती देव जाणे, आणि मी रोज डोकं आत घालून बोलत होते, हुंगला, न्या.

सकाळच्या पहिल्या एसटीनं पोलादपूर गाठलं, तिथनं उमरठ, मग चढण. जावयाचा कोयता घेतला आणि माझे दोन ड्रम फोडले. विहीण बोलली, आता टँकर आला तर मी ओंजळीत पाणी भरू? मग घरोघरी गेले, सगळ्यांना सांगितलं, फोडा. कुणी फोडला नाय. एक म्हातारा बोलला, धुतलाय पण तुम्हीच बोललात, फोडा पण तुम्हीच बोलता, आम्ही कुठल्या मावशीचं ऐकायचं? मी कोयता जावयाला परत दिला.

शेटला सांगितलं तर तो बोलला, गिऱ्हाइकाला कुठं ठाऊक हाय, हुंगल्यासारखं कर. त्या दिवसापासनं मी गेले नाय. आता भाताच्या कामाला जाते, मिळंल ते करते.

दर उन्हाळ्याला वर जाते. नात आता सहा वर्षांची. तिचं पुरळ कशानं आलं ते डॉक्टरला सांगता आलं नाय, येतं आणि जातं. तिला घेऊन त्या नऊ ड्रमांपाशी फिरते. पाणी संपलेलं असलं की तिला उचलून धरते आणि बोलते, हुंग गो. गेल्या साली ती तोंड वाकडं करायची, शी आजी. या साली नऊच्या नऊ घरांत बोलली, नाय येत, कायच नाय येत. लोक खूश. बघा मावशी, गेला वास.

उतरताना वाटेत माझ्या ध्यानात आलं. तिचं डोकं त्या ड्रमात मीच घातलं, माझं घालायची तसंच. वास ड्रमाचा गेला का पोरीचा, मला काय ठाऊक? पिशवीत सुकटीचा डबा होता. तिच्या नाकापुढं उघडला असता तर कळलं असतं. तिथनं परत जायला दहा पावलं होती. मी गेले नाय बाय. डबा तसाच घेऊन खाली आले.

तो बघ, फळीवर हाय. पावसाच्या आत परत वर जायचं म्हणते, रोज म्हणते.

तू शिकलीस, लिहितेस, तुझं चांगलं होऊ दे. एवढंच कर माझ्यासाठी, जेवायला बसलीस की आधी ताटाचा वास घेत जा.