पाळीच्या गोळ्या आणि आमचा बोका

जनावराचं औषध मले सांगू नका, डॉक्टरबाई, गावातले अर्धे ढोरं मीच बरे केले — म्हणजे तीन बकऱ्या होत्या, दोन मेल्या, तिसरी माह्या हातून सुटून पळाली म्हणून जगली. हासा, हासा! पन टोपलीचं झाकण काढतो, तं नाक धरा आधी. ऑटोवाल्यानं गोंदियापर्यंत तोंडाले दुपट्टा बांधून आणलं आमाले. बोका आहे, बरं — नाव पैलवान. आन थान पाहा त्याचे! व्यालेल्या मांजरीसारखे लोंबून रायले, एकातून पू येऊन रायला. शी! ते पाहून मले जेवण जात नाई, जी.

कसं झालं म्हणता? त्याच्या मुतण्यापासून झालं. शेपटी उभी करून धानाच्या पोत्यावर, देव्हाऱ्यावर, सुनेच्या वाळत्या लुगड्यावर — फवारणीचा पंपच! पाहुणा चहा अर्धा सोडून उठे. सून, रंजिता, म्हणे, बाबाजी, घरात हा राहीन नाई तं मी. आता सून गेली तं रांधते कोन? आन बोका गेला तं — तं माह्यासंग बोलते कोन? जाऊ द्या. मंग डोकं चाललं. नातवाच्या लग्नात, पूजेत अडचण नको म्हणून, रंजितानं पाळी पुढं ढकलाच्या गोळ्या आणल्या होत्या, त्या उरल्या. म्हटलं, बायकायचं थांबते, तं याचं काऊन नाई थांबन? मासोळीत दाबून रोज एक. थांबलं ना! संपल्या तं मीच आणल्या — मेडिकलवाला माह्याकडं असा पाहे, का जसे मलेच दिवस गेले!

थान आले तवा बंद काऊन नाई केल्या? अवं, तवा तं गाव आलं पाहाले! केशोराव म्हणे, दूध काढ. देवीदासनं मांजरीचे पिल्लं आणले त्याले लावाले — मी हासू हासू लोळलो. आधी माह्या ओसरीवर कुत्रं बसत नव्हतं, बाई, आन आता रोज चार माणसं... पन आता किळस येते. पडून रायते, बादलीभर पाणी पिते, मुतते तं चिकट, त्याले मुंग्यायची रांग! शी, शी! कालच लोकायले बोलावून दाखवलं — पाहा, म्हटलं, मूत गोड झालं याचं. गोळी? देल्ली ना, आज सकाळी...

काय म्हणता?

“त्या गोळ्यांनी त्याला शुगर झाली आहे, आजोबा. मुंग्या दिसल्या तेव्हाही तुम्ही लोकांनाच बोलावलंत. मला नाही.”