रेवाची ढाल

वाचनालयाचे सभासद, उल्हासनगरचं दुकान बंद ठेवून आलेले किशनशेठ, आई, आणि पुढं सतरंजीवर बसलेल्या मुलांनो,

श्रीकाकाच्या शोकसभेला तुम्ही सगळे आलात. थोडे लोक येतील, मग बोलणं सोपं जाईल, असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. मी लिहून आणलंय. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या. घरात मी त्याला 'अरे काका' म्हणायचे. इथं 'ते' म्हणायला हवं, हे मला कळतं. पण 'ते' म्हटलं की दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय असं वाटतं. म्हणून घरातल्यासारखं 'तो'च म्हणते.

माझा श्रीकाका किशनशेठच्या दुकानात मागच्या बाकावर बसून टीव्ही दुरुस्त करायचा. मग टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले, आणि ते बिघडायलाही लागले. दुरुस्त केलेला गेम चालतो का हे बघायला तो खेळावा लागतो. काका खेळायचा. शेठ म्हणायचे, "अरे साईं, तेरा टेस्टिंग कब खतम होगा? गिऱ्हाईक खडा है." काका मान वर न करता म्हणायचा, "शेठ, तिसऱ्या लेव्हलला अडकतो अशी कम्प्लेंट आहे. तिसऱ्यापर्यंत तर पोचू दे." शेठ आत्ता हसतायत. म्हणजे मी बरोबर सांगितलं.

चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही. मला दमा होता. वाचायला आईनं शिकवलं, बाकी सगळं काकानं. गणित मला येईना. तेव्हा त्यानं रेवा तयार केली. जांभूळ गावातल्या पाण्याच्या टाक्यांपाशी राहणारी, माझ्याच वयाची मुलगी. एके सकाळी उठते तर तिला गेममधल्यासारख्या शक्ती मिळायला लागलेल्या, प्रत्येक शक्तीला एक आकडा. रेवाची नजर सहा, कान चार, त्यातले दोन गेले तर उरले किती? अशी माझी वजाबाकी झाली.

पुढं मी मोठी झाले, शाळेत गेले, पण रेवा राहिलीच. ती शनिवारी दुपारी इथं वाचनालयात यायला लागली. काका सांगायचा, मी लिहून घ्यायचे. वाचनालयाच्या हस्तलिखित अंकासाठी पक्की प्रत मी करायचे. आणि एक वेगळी वही होती, रेवाची कुठली शक्ती आज किती आहे, याची. ती वही माझ्याकडे. काकाचा तिच्यावर पूर्ण विश्वास होता. पूर्ण विश्वास. हे मी दोनदा का म्हणते, ते पुढं सांगते.

मुलांनो, तुम्ही काकाशी किती भांडलात, आठवतं ना? तुम्हाला रेवाच्या हातातून आग हवी होती. तिला उडता यायला हवं होतं. काका म्हणायचा, उडायला लागली तर नदीकाठची माणसं तिला भेटणार कशी? वरून तर सगळ्यांची फक्त डोकी दिसतात. त्याचं म्हणणं साधं होतं. शक्ती मागून मिळायची नाही. भाग संपला की बघायचं, आज रेवानं हातापायांनी काय केलं? जे केलं, ते एकानं वाढलं. दिवसभर कुणाची वाट पाहिली असेल, तर वाट पाहणं वाढलं. तुम्ही म्हणालात, ही काय शक्ती आहे? काका म्हणाला, थांबा.

आणि मग तो भाग आला. रेवा बारवी धरणाहून येणाऱ्या पाण्याच्या मोठ्या पाइपाला कान लावून बसते. कान नऊ आणि वाट पाहणं सात, असे दोन्ही एकत्र आल्यावर तिला पाण्याच्या आतलं ऐकू येतं. धरणाखाली गेलेल्या वाडीतलं जातं फिरतंय. कुणीतरी गुरांना हाका मारतंय. एक बाई दुसरीला विचारतेय, मीठ आहे का गं? आणि ते सगळं पाण्याबरोबर वाहत वाहत आपल्या नळाला येतंय. त्या दिवशी इथं कुणी हाललं नव्हतं. मी घरी जाऊन नळ सोडला आणि उगाच उभी राहिले. तुमच्यापैकीही काही जणांनी तेच केलं असेल, असं मला वाटतं.

आता मला जे सांगायचंय ते सांगते.

रेवाकडे एक ढाल होती. पितळेची, परातीएवढी. ती हातात असली की रेवाला काही लागायचं नाही, काही दुखायचं नाही. काका आजारी पडला, इस्पितळात गेला, तरी गोष्ट सांगायचा. मी खाटेशेजारी बसून लिहायचे. एका दुपारी त्यानं सांगितलं, रेवा धरण पोहून जाते आणि ढाल पाण्यात जाते. ढाल गेली. वहीतनं कमी कर, सुमे.

त्याच दिवशी सकाळी डॉक्टरांनी आईला बाजूला बोलावलं होतं.

मी ढाल कमी केली नाही. पक्क्या प्रतीत मी लिहिलं, रेवा काठावर आली तेव्हा ढाल तिच्या हातात होती. आणि शनिवारी तेच तुम्हाला वाचून दाखवलं. काकाच्या नावानं. मी आयुष्यात वहीचं एक पान कधी फाडलं नव्हतं. आणि हे केलं.

पुढं काय झालं, तुम्हाला माहीत आहे. कारण तुम्ही यायचे बंद झालात. काका वही मागवायचा, ढाल आहे असं दिसलं की क्षणभर थांबायचा, आणि तसंच पुढं सांगायचा. त्यानं रेवाला वादळात घातलं, वणव्यात घातलं. तिला काही झालं नाही. पुढं बसलेल्या पिंकीनं एकदा मला हळूच विचारलं, ताई, हिला आज पण काही होणार नाहीये ना? मग मी जाऊ? आणि ती गेली. पिंकी, तुझं काही चुकलं नव्हतं. काकानं विचारलं, किती मुलं आली होती? मी म्हटलं, परीक्षा जवळ आल्यात. तेही खोटं.

शेवटी त्यानं पक्की प्रतच आणायला लावली. म्हणाला, धरणाचा भाग वाच. मी वाचला. तो डोळे मिटून ऐकत होता. जे शब्द सांगते ते जवळपास तसेच आहेत, आई तिथं होती. तो म्हणाला, "तिला काही लागत नाही, म्हणून तिला कुणाचं काही कळेनासं झालंय गं."

मी रडत म्हटलं, खोडते. आत्ता खोडते.

"खोडायचं नाही. गोष्टीत आली ती गोष्टीतूनच जाईल. तू ठेवलीस, तूच सोडव."

मला नाही जमणार, म्हटलं. तो म्हणाला, "न जमेल तेवढं न जमेल. लिही." आणि मग त्यानं चहा मागितला. आठव्या दिवशी तो गेला.

तेव्हापासून तुम्ही सगळे मला विचारताय, पुढं काय? मला काकाइतकं येत नाही. लिहिलं तर त्याची गोष्ट बिघडेल. नाही लिहिलं तर रेवा ढाल धरून काठावर तशीच उभी राहील, कायमची, धडधाकट आणि एकटी. मी त्याची किती काळजी घेतली, हे सांगायला आज इथं उभं राहणं सोपं होतं. पण त्यानं सांगितलेलं काम मी केलं नव्हतं. म्हणून काल दुपारी बसले. थोडंच आहे. वाचते.

'काठावर एक होडी होती. होडीत वाडीवरची एक म्हातारी होती आणि तिच्या मांडीवर भाताच्या बियाण्याचं गाठोडं होतं. तिला पलीकडे जायचं होतं. होडीच्या तळाला भोक पडलेलं. म्हातारी म्हणाली, माझं सोड पोरी, बी भिजलं तर यंदा लावायचं काय? रेवानं ढाल भोकावर उपडी घातली आणि वर पाय देऊन उभी राहिली. ढाल तळाला घट्ट बसली. पाणी यायचं थांबलं. पलीकडे पोचल्यावर म्हातारी म्हणाली, तुझं ताट काढून घे की. रेवा म्हणाली, राहू दे आजी, तुला परत जायचंय ना. मग ती काठावर उतरली, आणि पहिल्याच पावलाला तिच्या पायात काटा मोडला. आई गं, असं ती म्हणाली. किती दिवसांनी म्हणाली.'

एवढंच.

वहीत मी आज सकाळी लिहिलं, ढाल नाही. आता तिची कुठली शक्ती वाढली, ते मला ठरवता येत नाहीये. मुलांनो, ते तुम्ही सांगा. आज नको. शनिवारी या.

आत्ता ती लंगडत चढण चढतेय. आपण सगळे उभे राहू या. ती वर पोचेपर्यंत कुणी काही बोलू नये, एवढी माझी विनंती आहे. काका, तूही बोलू नकोस.