बॅटरीपाशी कुणीतरी हवं

कुलपांच्या दुकानात माझ्यापुढे सासरे आणि सून उभे होते.

“बाबा, ही साखळी घेऊ. बॅटरीची सायकल जिन्याखाली बांधून टाकू.”

“जिन्याखाली नको. बॅटरीला आग लागली तर माणसं बाहेर कुठून पडणार? माझ्या खिडकीपाशी राहू दे.”

“तिथे तुमची आरामखुर्ची आहे.”

“सरकवली सकाळीच. साखळी घे, तू कामाला जातेस त्या दवाखान्याबाहेर बांधायला लागेल. घरी मी आहेच.”

“तुमचे मित्र भेटले होते. म्हणाले, तुम्ही हल्ली फिरायला येत नाही. गुडघा दुखतोय का?”

“गुडघ्याला काय धाड भरलीय!”

“मग?”

“बॅटरी चार्जिंगला लावून घराबाहेर जायचं नाही, असं सायकलीबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलंय.”

“म्हणून रोज संध्याकाळी चार तास तिच्यापाशी बसून राहता?”

“तू दमून येतेस आणि आल्याआल्या आडवी होतेस. सकाळी सायकल वाटेत बंद पडली म्हणजे?”

“उद्यापासून तुम्ही फिरायला जा. बॅटरीपाशी मी बसेन.”

“चार तास?”

“हो, चार तास.”

“मग मी कोपऱ्यापर्यंतच जाऊन येईन. एकटीला कंटाळा येईल तुला.”